घोड्यांच्या फोटोग्राफीचा धंदा: बुकिंगपासून डिलिव्हरीपर्यंतचं काम पटापट कसं उरकायचं

अलिबाग, नागाव, काशीदला घोड्यांचे फोटो काढणारे बरेचजण एडिटिंगला वैतागलेले असतात, पण माझं स्पष्ट मत आहे की एडिटिंगचा वेळ कॉम्प्युटरवर वाचत नाही, किनाऱ्यावर वाचतो, आणि त्याच्याही आधी बुकिंग घेताना.

गिऱ्हाईक "येत्या रविवारी संध्याकाळी" म्हणालं की लगेच हो म्हणू नका, आधी तिथी बघा. आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला संध्याकाळी सहाला पाणी पार वर आलेलं असणार. तेच पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती बाराच्या सुमारास, मग ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे, त्यामुळे कोवळा उजेड आणि ओली चकचकीत पुळण एकदमच मिळते, घोड्याचं प्रतिबिंबसुद्धा येतं, आणि घट्ट ओल्या वाळूवर घोड्याच्या पायांना त्रासही कमी. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघून घ्याच.

तारीख ठरली की व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर एक मेसेज कायमचा सेव्ह करून ठेवा, त्यात वेळ, जागा, किती फोटो, कधी मिळणार, अ‍ॅडव्हान्स, आणि घोडेवाल्याचे पैसे त्यातच की वेगळे, हे सगळं. शेवटच्या मुद्द्यावरच भांडणं होतात.

शूटच्या दिवशी आधी घोड्याला खरारा करून घ्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण, नाकपुडीवरची वाळू ओल्या फडक्यानं पुसा, आयाळ एका बाजूला घ्या, लगामाचा पट्टा सरळ करा, नाहीतर हेच सगळं प्रत्येक फोटोत घासत बसावं लागतं. उभे फोटो आधी, मग चालीचे, दौड शेवटी, कारण दौडीनंतर घोडा घामेजतो, धापा टाकतो, आणि त्याला पाणी-विश्रांती दिल्याशिवाय परत पळवायचं नाही म्हणजे नाही. उभ्या घोड्याला ८५ ते २०० एमएम लेन्स लावून लांबून घ्या, जवळून घेतला की तोंड मोठं आणि अंग बारकं दिसतं. कॅमेऱ्यामागे कुणीतरी हरभऱ्याची पिशवी हलवली की कान पुढे येतात, मारवाडी-काठेवाडी घोड्याची तर शोभाच कानांत. दौडीला शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, बर्स्ट (एका दमात सलग निघणारे फोटो) छोटे. गिऱ्हाईक बदललं की नावाच्या चिठ्ठीचा एक फोटो काढा, मग कुणाचे फोटो कुठून सुरू होतात ते दिसतं आणि फोल्डर वेगळे करणं सोपं जातं.

घरी आल्यावर दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मग पहिल्या फेरीत फक्त उडवायचं, कान मागे गेलेले, डोळे मिटलेले, पाय गुंतलेले. मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं १८७८ मध्ये दाखवलं होतं की दौडीत चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, ती फ्रेम खरी असली तरी लोकांना पुढचा पाय लांब टाकलेलीच आवडते, तीच ठेवा. एका उजेडातला एक फोटो नीट एडिट करून बाकीच्यांना तीच सेटिंग द्या.

पाच फोटो त्याच रात्री पाठवा, तेही डॉक्युमेंट म्हणून, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की क्वालिटी जाते. घोडेवाल्यालाही दोन-चार द्या, पुढची गिऱ्हाईकं बऱ्याचदा तोच पाठवतो. आणि झोपायच्या आधी कॅमेरा किंचित ओल्या, मग कोरड्या कापडानं पुसून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, खारा वारा लेन्सला सोडत नाही.