बॉनेटची बिजागरी: निगा, दुरुस्ती आणि जुळवणी

गाडीचे बॉनेट महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी उघडले जाते, तेही ऑइल, कूलंट आणि वायपरचे पाणी पाहण्यापुरते. ते ज्या दोन बिजागऱ्यांवर उघडते त्यांच्याकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. भारतातल्या बहुतेक गाड्यांमध्ये या बिजागऱ्या पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीच्या दोन्ही टोकांना असतात. प्रत्येकीचा एक पाय बॉडीला आणि दुसरा बॉनेटच्या आतल्या पत्र्याला सहसा दोन-दोन बोल्टांनी आवळलेला असतो आणि मधोमध पिन असते. लहान गाड्यांत ही रचना एवढीच असते आणि उघडलेले बॉनेट सळीच्या टेकूवर उभे राहते. मोठ्या गाड्यांत चार पट्ट्यांची, एकाहून अधिक सांध्यांची बिजागरी आणि जोडीला गॅसचा स्ट्रट, म्हणजे बॉनेट उचलून धरणारी गॅस भरलेली नळी, असू शकतो.

पुढे जे सांगायचे आहे त्यातले सर्वांत महत्त्वाचे आधीच सांगतो. बॉनेट उघडताना किंवा मिटताना जड लागले, तर जोर लावू नये. अडकलेल्या बिजागरीवर लावलेला जोर पिनेवर न जाता बॉनेटच्या पातळ पत्र्यावर जातो आणि पत्रा बिजागरीच्या थोडा पुढे दुमडतो. माझ्या दहा वर्षे जुन्या गाडीत हे मी स्वतःच्या हाताने केले आहे. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी, डावीकडची बिजागरी गंजून घट्ट, आणि मिटेना म्हणून मी दोन्ही तळहातांनी दिलेला दाब. काचेजवळच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर पत्र्याला अशी घडी पडली की डेंटरने ठोकून सरळ केल्यावरही तिरप्या उन्हात ती आजही दिसते. थेंबभर तेलाने जे टळले असते, त्यासाठी डेंटिंग-पेंटिंगचा खर्च झाला.

तपासणीला दहा मिनिटे पुरतात. इंजिन थंड असताना बॉनेट अर्धे उघडावे, बिजागरीजवळची कड एका हाताने धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावी, आणि दुसऱ्या हाताचे बोट सांध्यावर ठेवावे. बोटाखाली पिन हलल्याचे जाणवले, तर पिन किंवा तिच्याभोवतीचे बुश झिजले आहे. सांधा स्थिर राहून पट्टीच पत्र्यावर सरकत असेल, तर बोल्ट ढिला आहे. हे दोन्ही दोष वरून सारखेच दिसतात, पण उपाय अगदी वेगळे आहेत. पिनेभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली, तर सांधा कोरडाच घासतो आहे असे समजावे. बॉनेट बंद करून काचेजवळचे दोन्ही कोपरे मडगार्डच्या पातळीत आहेत का आणि कुठे कडेचा रंग उडाला आहे का, तेही पाहावे. जुनी गाडी विकत घेताना याच बोल्टांकडे जरूर पाहावे. कारखान्यात हे बोल्ट बॉडीबरोबरच रंगवले जातात, त्यामुळे डोक्याच्या कडांवरचा रंग तुटलेला असेल, तर बॉनेट केव्हातरी उतरवले किंवा सरकवले गेले असावे हे विक्रेत्याने न सांगताही कळते.

निगा सोपी आहे, पण क्रम चुकवू नये. आधी सफाई, मग तेल, शेवटी ग्रीस. जुन्या टूथब्रशने सांध्यातली माती काढावी आणि थोड्या डिझेलने ओल्या केलेल्या फडक्याने काळे, घट्ट झालेले ग्रीस पुसून घ्यावे. सांधा जड असेल तर गंज सोडवणारे स्प्रे पिनेच्या दोन्ही टोकांना मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग बॉनेट सावकाश, जेवढे सहज हलेल तेवढेच, आठ-दहा वेळा उघड-मीट करावे. सुरुवातीला तपकिरी पाणी बाहेर येते. ते पुसत राहावे आणि स्वच्छ तेल दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. अनेक जण इथेच थांबतात आणि तीच चूक ठरते, कारण असे स्प्रे गंज सोडवायला उत्तम असले तरी काही आठवड्यांत उडून जातात आणि सांधा पुन्हा कोरडा पडतो. म्हणून शेवटी पांढरे लिथियम ग्रीस सांध्यात पातळ लावावे आणि बाहेर आलेले पुसून टाकावे. ग्रीसचा जाड थर म्हणजे धुळीला आमंत्रण, आणि धूळ मिसळलेले ग्रीस पॉलिश पेपरसारखे पिन घासत राहते. स्प्रे मारताना इंजिनच्या पट्ट्यावर उडू नये म्हणून मागे फडके धरावे.

हे काम वर्षातून दोनदा, मेअखेरीस आणि दिवाळीच्या आसपास केले तर पुरते. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर, मुंबईत किंवा गोव्यात जिथे खारा वारा थेट लागतो, तिथे दर तीन महिन्यांनी पाहणे बरे. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर वायपरच्या जाळीत पाकळ्या आणि पाने साचून पाण्याचा निचरा तुंबतो आणि बिजागरीचा बॉडीकडचा पाय ओलसर कचऱ्यात रुतून बसतो. तेल घालण्याआधी तो कचरा उपसावा. उंदराने तिथे संसार थाटला असेल तर त्याचीही सोय लावावी लागते.

गंज वरवरचा असेल तर वायर ब्रशने खरवडून, प्रायमर देऊन रंग लावावा. मात्र रंग सांध्यात जाऊ देऊ नये. पट्टीला खड्डे पडले असतील, पिन खुळखुळत असेल किंवा धडकेत पट्टी वाकली असेल, तर बिजागरी बदलावी. वाकलेली पट्टी ठोकून सरळ करणे किंवा पिनेला वेल्डिंगचा टाका मारणे हे प्रकार सर्रास चालतात, पण ते टाळावेत. बॉनेट चालत्या गाडीत उघडले तर काचेवर आदळते, आणि ते धरून ठेवणाऱ्या भागांत ही पट्टी येते.

नवी बिजागरी घेताना डावी आणि उजवी वेगळी असते हे लक्षात ठेवावे आणि गाडीचा चॅसिस क्रमांक दाखवूनच भाग मागवावा. कामाला दोन माणसे हवीत, कारण पोलादी बॉनेट एकट्याने सांभाळण्यासारखे हलके नसते आणि कोपरा निसटला तर तो थेट काचेवर जातो. काच आणि दोन्ही मडगार्ड जाड चादरीने झाकावेत. पाना लावण्याआधी जुन्या बिजागरीच्या पट्टीची बाह्यरेषा आणि बोल्टांच्या डोक्यांभोवतीची वर्तुळे मार्करने पत्र्यावर आखून घ्यावीत. ही दोन मिनिटे वाचवणाऱ्याची पुढे अख्खी दुपार जाते. बॉनेट पूर्ण उतरवण्याची गरज सहसा नसते. एका बाजूची बिजागरी बदलून, खुणांवर बसवून आवळावी आणि मगच दुसऱ्या बाजूला हात घालावा. म्हणजे मूळची जुळणी बरीचशी टिकते. बॉनेट उतरवावेच लागले, तर वायपरच्या पाण्याची नळी आधी काढावी, नाहीतर ती तुटते. गंजलेला बोल्ट एकदम पिळू नये. स्प्रे मारून थांबावे, थोडा आवळून मग सोडावा, नाहीतर आटे जातात किंवा बोल्टचे डोकेच हातात येते. आवळताना जोराचा (टॉर्कचा) गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाळावा; तो हाताशी नसेल तर दहाच्या पान्याच्या सहा मिलिमीटर बोल्टला सुमारे १० आणि बाराच्या पान्याच्या आठ मिलिमीटर बोल्टला सुमारे २२ न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण अंदाज आहे.

खरे कौशल्य जुळवणीत लागते. बिजागरीची भोके मुद्दाम मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. बऱ्याच गाड्यांत बॉनेटकडच्या बोल्टांनी ते पुढे-मागे आणि बाजूला सरकते, तर बॉडीकडच्या बोल्टांनी मागची कड वर-खाली होते. आधी पुढच्या लॉकचे बोल्ट सोडून ते बाजूला करावे, नाहीतर लॉकच बॉनेटला ओढून धरते आणि चूक झाकली जाते. मग बिजागरीचे बोल्ट एवढेच ढिले करावेत, की बॉनेट तळहाताच्या हलक्या थापेने सरकेल, पण आपोआप घसरणार नाही. पहिल्यांदा मिटताना ते सोडून देऊ नये. हाताने सावकाश टेकवत बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधल्या दोन्ही फटींवर नजर ठेवावी. फट मोजायला जुनी एटीएम कार्डे कामी येतात. एक कार्ड पाऊण मिलिमीटर जाडीचे असते, त्यामुळे पाच कार्डांचा गठ्ठा म्हणजे पावणेचार मिलिमीटर. तो दोन्ही बाजूंना पुढे, मध्ये आणि मागे सरकवून पाहिला की फरक चटकन कळतो.

बॉनेटचे नाक डावीकडे कलले असेल, म्हणजे पुढे डावी फट चिंचोळी आणि उजवी रुंद असेल, तर पुढच्या टोकाला ढकलून उपयोग नाही. मागे उजवी बाजू किंचित मागे घ्यावी किंवा डावी किंचित पुढे सरकवावी. नाक उजवीकडे कलले असेल तर याच्या उलट. मागे एक मिलिमीटर सरकवले की पुढे नाक साधारण पाऊण मिलिमीटर बाजूला जाते, म्हणून एका वेळी एकच बाजू आणि केसभरच हलवावी, बोल्ट हलके आवळून पुन्हा मिटून पाहावे. मागची कड मडगार्डपेक्षा खाली बसत असेल आणि बॉडीकडे सरकवायला जागा नसेल, तर पट्टी आणि बॉनेट यांच्यामध्ये दोन्ही बोल्टांखाली सारख्या जाडीचे पातळ वायसर घालता येतात. पुढच्या कडेची उंची बिजागरीवरून ठरवू नये. त्यासाठी पुढच्या दोन कोपऱ्यांतले रबरी स्टॉपर फिरवून वर-खाली करावेत.

लॉक शेवटी बसवावे. ते बॉनेटच्या हुकाला अगदी मधोमध घेईल असे आवळावे आणि बॉनेट वीत-दीड वीत उंचीवरून सोडून पाहावे. ते एका आवाजात बसले पाहिजे आणि कड दाबल्यावर स्टॉपरवर थडथडता कामा नये. मग आतला खटका ओढावा. बॉनेट थोडे उचलून दुसऱ्या, सुरक्षेच्या हुकावर अडकून राहिले पाहिजे. ते राहत नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नये.

काही गाड्यांच्या बिजागऱ्यांना मात्र हात लावू नये. पादचाऱ्याला धडक बसताच मागची कड उचलण्यासाठी त्यांच्याजवळ एअरबॅगप्रमाणे स्फोटक द्रव्यावर चालणारा दट्ट्या असतो; २०१२च्या व्होल्वो व्ही-४० मध्ये मात्र अशा द्रव्याने बिजागरीची पिन सुटते आणि पादचाऱ्यांसाठीची एअरबॅगच मागची कड उचलते. बिजागरीकडे जाणारी वायर आणि तिथला इशाऱ्याचा कागद दिसला, तर ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरवरच सोपवावे. गॅसचा स्ट्रट गळू लागला की दोन्ही एकत्र बदलावेत, बदलताना बॉनेटला भक्कम लाकडी टेकू द्यावा, आणि जुना स्ट्रट कधीही भोसकू किंवा तापवू नये.

नव्या बिजागरीवर दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालल्यानंतर बोल्टांवर एकदा पाना फिरवून पाहावा आणि मार्करच्या खुणा जागेवर आहेत का ते पाहावे. पट्टी खुणेपासून हलली असेल, तर रंग खरवडला जाण्याआधीच फट पुन्हा नीट करता येते.