निरोध वापरूनही दिवस गेले? या चुका टाळा

“वापरलं होतं न मॅडम, तरी दिवस गेलेच.” उपकेंद्रात हे वाक्य एकदा कोणी बोललं की चार घरांत पोचतं, आणि पुढची चार जोडपी निरोधाचा नादच सोडतात. म्हणून आधी आकडे बघू. काहीच साधन न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी साधारण ८५ जणींना वर्षभरात दिवस राहतात. निरोध दरवेळी आणि नीट वापरला तर १०० मध्ये फक्त २. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात, कधी विसरून, कधी उशिरा, तसा वापरला तर सुमारे १३. या २ आणि १३ मधला फरक रबराच्या दर्जामुळे पडत नाही, आपल्या वापरामुळे पडतो. आणि तो आपल्याला कमी करता येतो.

सगळ्यात मोठी चूक “वापरलं होतं” या शब्दांतच लपलेली असते. जरा खोदून विचारलं की कळतं, पाळीनंतरचे आठ-दहा दिवस “मोकळे” धरले होते. हा हिशेब फार फसवा आहे. पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं, आणि स्त्रीबीज कोणत्या दिवशी बाहेर पडेल याचा नेम नसतो. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत अंगमेहनत, जागरण, उपासमार झाली की पाळीचं गणित आणखी सरकतं. निरोध वापरायचा ठरवलं असेल तर दरवेळी वापरा, नाहीतर दुसरं साधन घ्या. दोन्हीच्या मधलं काही नाही.

दुसरी चूक म्हणजे उशिरा चढवणं. “शेवटी लावू” म्हणणारे पुष्कळ आहेत. पण वीर्य बाहेर येण्याआधी जो थोडा पातळ स्राव येतो, त्यातही शुक्राणू असू शकतात. म्हणून लिंग ताठ झाल्यावर, पहिल्या स्पर्शाआधीच निरोध चढवायचा.

आता आपल्या भागाची खास अडचण, ऊन. चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या घरात छताखाली तर विचारायलाच नको. आणि निरोध ठेवतात कुठे? सासूच्या, पोरांच्या नजरेला पडू नये म्हणून टिनाखालच्या फळीवर, पत्र्याच्या पेटीत, मोटारसायकलच्या डिक्कीत, नाहीतर पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात. रबर उष्णतेनं आणि दाबानं कमजोर होतं. लाजेपायी लपवलेली वस्तू नेमकी घरातल्या सगळ्यात गरम जागी जाते, आणि मग फाटली की दोष कंपनीला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही चूक टाळायला एक पैसा लागत नाही. कपड्यांच्या आलमारीत मधल्या कप्प्यात, किंवा कवेलूच्या घरात मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात, कापडी पिशवीत घालून ठेवा. ऊन नको, ओल नको, वर जड सामान नको. आणि उन्हाळ्याआधी वर्षभराचा साठा करू नका, आशाताईंकडून लागतील तेवढेच घ्या.

वापरण्याआधी पाकिटावरची शेवटची तारीख वाचा आणि पाकीट चिमटीत हलकं दाबा. आत हवेचा फुगीरपणा लागला पाहिजे. पाकीट चपटं वाटलं तर ते कुठेतरी फुटलेलं आहे. उघडल्यावर रबर चिकट, कडक किंवा रंग बदललेलं दिसलं तरी फेकायचं.

लाइन गेलेली, एकाच खोलीत सगळे झोपलेले, म्हणून दातानं पाकीट फाडलं जातं. दात आणि नखं दोन्ही घातक. निरोध एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या कडेनं बोटांनी फाडा. गुंडाळलेली कड बाहेरच्या बाजूला असली की तो सहज उलगडतो, अंधारातही बोटाला समजतं. उलटा लागला तर पलटवून पुन्हा लावू नका, नवीन घ्या. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मुळापर्यंत उलगडा.

कोरडेपणा वाटला म्हणून खोबरेल, जवसाचं तेल, तूप किंवा व्हॅसलीन लावणं ही फाटण्याची हमीच. तेलानं काही मिनिटांत रबराची ताकद जाते. पाण्यात धुतली जाणारी जेली मेडिकलमध्ये मिळते, तीच वापरा. एकावर एक दोन निरोध चढवल्यानं घर्षण वाढतं, सुरक्षा नाही. धुऊन पुन्हा वापरणं तर कधीच नाही.

वीर्य पडल्यावर लगेच बाहेर या, मुळाशी निरोध धरूनच. ढिला पडल्यावर तो आत सुटतो, आणि “फाटला नाही तरी दिवस गेले” याचं हे एक नेहमीचं कारण. गाठ मारून कागदात गुंडाळा आणि कचऱ्यात टाका, संडासात नाही.

इतकं करूनही फाटला किंवा सुटला, तर आतून पाणी मारून, उड्या मारून काही होत नाही. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्या, जितकी लवकर तितकी चांगली. ती आशाताईंकडे, उपकेंद्रात आणि मेडिकलमध्ये मिळते. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. ही गर्भपाताची गोळी नाही, राहिलेला गर्भ तिनं पडत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवली तर ती गोळीपेक्षाही भरवशाची, आणि पुढची काही वर्षं तीच कामी येते. वारंवार फाटत असेल तर दिवस राहू नयेत म्हणून असलेल्या ‘अंतरा’ इंजेक्शन किंवा ‘छाया’ गोळीबद्दल विचारा. मात्र गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून वाचवतो तो निरोधच.

पुढची पाळी आठवडाभर उशिरा झाली तर दिवस गेलेत का ते सांगणाऱ्या ‘निश्चय’ किटनं सकाळची पहिली लघवी तपासा. दिवस गेलेच असतील आणि मूल नको असेल तर मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणू नका, रक्तस्राव जिवावर बेततो. कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या सल्ल्यानं गर्भपात करता येतो, नाव गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. जितक्या लवकर ग्रामीण रुग्णालयात जाल तितकं ते सोपं होतं.