गच्चीवरून सूर्याचं सरकणं टिपताय? या चुका टाळा

एक सरळ काठी, थोडा ऑइलपेंट आणि वर्षभराची चिकाटी असली की नागपुरातल्या कुठल्याही गच्चीवर सूर्याचं उत्तर-दक्षिण सरकणं उमटवता येतं. काम बिघडतं ते बहुतेक वेळा घड्याळापायी.

बाराच्या ठोक्याला सूर्य मध्यावर येतो, हा समज आधी सोडा. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नागपूर ७९.१ अंशांवर, म्हणून इथली मध्यान्ह सरासरी १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास होते. तीही स्थिर नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती ११.५७ ला, तर फेब्रुवारीच्या मध्याकडे १२.२८ ला येते. सरळ अर्ध्या तासाचा फरक! तेव्हा पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी काठीच्या सावलीच्या टोकाशी खुणा करा. सर्वांत आखूड सावली ती त्या दिवसाची मध्यान्ह.

मात्र वर्षभरात खुणांची इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आकृती हवी असेल, तर उलट घड्याळच धरून बसायचं. रोज तीच वेळ, मिनिटाचीही सूट नाही. हे दोन प्रयोग एकाच वहीत मिसळले की सगळा घोळ होतो. वेळ निवडताना कठड्याकडेही बघा: सकाळी नऊ ठरवलेत तर डिसेंबरात सावली काठीच्या दुपटीहून लांब जाते आणि हातभर उंचीचा कठडाही आडवा येतो.

काठी डोळ्याच्या अंदाजानं उभी करू नका, गवंड्याचा ओळंबा लावा. सावलीचं टोक पुसट दिसतं ते सूर्य अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे. काठीच्या टोकाला भोक पाडलेला पत्रा बसवून उजेडाच्या ठिपक्याचा मध्य घ्या. खडूच्या खुणा पहिल्या पावसात जातात, हे सांगायला नकोच.

"दुपारची सावली दक्षिणेला पडली, काठी हलली वाटतं!" जूनमध्ये असं वाटून बरेच जण काठी उपटतात. उपटू नका. नागपूर २१.१५ अंश अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास, ऐन नवतप्यात, दुपारी १२.११ च्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मध्यान्हीला आपल्या उत्तरेकडे असतो. परतीचा शून्य सावलीचा दिवस १७ जुलैच्या आसपास येतो, पण तेव्हाच्या ढगांवर भिस्त ठेवू नये. कूलरपुढून उठायचं ते मेमध्येच.

शेवटची चूक संक्रांतीची. सूर्याच्या सरकण्याचं दक्षिणेचं टोक १४ जानेवारीला धरू नका, ते २१-२२ डिसेंबरला येतं. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भानं मोजली जाते आणि अक्षाच्या संथ डोलण्यामुळे ती मागे पडत गेली आहे. एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली डिसेंबरात सुमारे ९९ सेंटिमीटर भरते. तिळगूळ वाटेपर्यंत ती ९२ वर आलेली असते.