लिंकन पार्कचे गोल्फ मैदान : बे एरियात नव्याने आलेल्यांसाठी

सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या बे एरियात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांना गोल्फ हा आपल्यासाठी नाही असे सुरुवातीला हमखास वाटते, आणि त्याचे कारण आपण जिथून आलो त्या शहरांत आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब किंवा येरवड्याचा पूना गोल्फ क्लब आपल्यापैकी बहुतेकांनी कुंपणाबाहेरूनच पाहिलेला असतो. आत जायचे तर स्वतःचे सभासदत्व हवे, नाहीतर एखाद्या सभासदाची ओळख हवी. इथे मात्र खाजगी क्लबांच्या जोडीने नगरपालिकेची गोल्फ मैदानेही आहेत. ती शहराच्या उद्यान विभागाची, म्हणजे सार्वजनिक मालमत्ता असून ठरलेले शुल्क भरून वेळ नोंदवणाऱ्या कोणालाही ती खुली असतात. माझे सांगणे एवढेच आहे की ज्या हक्काने तुम्ही सार्वजनिक वाचनालयात जाता त्याच हक्काने तिथे जा आणि शक्यतो पहिल्यांदा एकटे जा. एकटे का, ते पुढे येईलच.

माझ्या मते सुरुवातीसाठी सर्वांत योग्य मैदान म्हणजे शहराच्या वायव्य टोकाला, समुद्राच्या कड्यावर असलेले लिंकन पार्क. क्लेमेंट स्ट्रीट आणि चौतिसाव्या अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर त्याचे साधे क्लबहाउस आहे. अठरा होल (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरचा पूर्ण टप्पा), पार 68 (पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे धरलेले फटके) आणि एकूण लांबी 5,100 यार्डांच्या आसपास, म्हणजे पूर्ण मैदानाच्या मानाने ते आखूड आहे. लांब फटका मारता न येणाऱ्यालाही इथे खेळाचा आनंद मिळतो. समुद्र जवळ असला तरी हे वाळूच्या टेकड्यांवरचे उघडे मैदान नव्हे. मॉन्टेरे सायप्रस आणि पाइनची जुनी झाडे फेअरवेच्या, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना उभी आहेत, जमीन चढउतारांची आहे आणि चालताना आपण एका मोठ्या बागेत आहोत असेच वाटते. गवताची निगा महागड्या मैदानांसारखी नसते, हे आधीच समजून जावे. मॉन्टेरेजवळच्या पेबल बीचवर एका फेरीसाठी 600 डॉलरपेक्षा अधिक मोजावे लागतात; इथे त्याच्या अगदी लहान अंशात तीच समुद्रावरची हवा आणि तोच किनारा मिळतो.

तुम्ही कधीच क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातात धरला नसेल तर मात्र थेट लिंकन पार्कला जाऊ नका. तिथे सरावासाठी ड्रायव्हिंग रेंज नाही, आणि मागून येणाऱ्या चौघांच्या नजरेसमोर पहिला चेंडू मारायला शिकणे कोणालाच सुखाचे नसते. सनीव्हेलमध्ये राहणाऱ्यांसाठी त्यांच्याच नगरपालिकेचे सन्कन गार्डन्स हे नऊ होलचे छोटे मैदान आहे आणि तिथे रेंजही आहे. बादलीभर चेंडू घेऊन काही संध्याकाळी तिथे घालवा, नगरपालिकेच्या सामूहिक वर्गात नाव घाला आणि चेंडू बहुतेक वेळा हवेत व साधारण समोर जाऊ लागला की मग इकडे या. साहित्य नवे घेण्याची घाई करू नका. जुन्या वस्तूंच्या दुकानात अर्धा संच स्वस्तात मिळतो आणि सुरुवातीला सात-आठ क्लब पुरेसे असतात. भाड्याने घ्यायचे असतील तर ते मिळतील का, हे आधी फोन करून विचारावे. प्रत्येक खेळाडूने स्वतंत्र बॅग आणावी अशी बहुतेक मैदानांची अपेक्षा असते, त्यामुळे पती-पत्नीने एकाच बॅगेतून खेळण्याचा बेत आखू नये.

दरांबाबत तीन गोष्टी कळल्या की खर्च बराच कमी होतो. सॅन फ्रान्सिस्कोचे रहिवासी ठरावीक शुल्क आणि पत्त्याचा पुरावा देऊन रहिवासी कार्ड काढू शकतात, आणि त्यांना शहराच्या सर्व मैदानांवर कमी दर लागतो. ज्या हार्डिंग पार्कवर 2020 साली पीजीए चॅम्पियनशिप ही व्यावसायिक गोल्फची मोठी स्पर्धा झाली तेही शहराचेच मैदान असल्यामुळे कार्डाचा खरा लाभ तिथे दिसतो, कारण बाहेरच्यांना तिथे फार मोठी रक्कम द्यावी लागते. फ्रीमॉन्ट किंवा सॅन होजेत राहणाऱ्यांना हे कार्ड मिळत नाही, पण कामाच्या दिवशीचा दर शनिवार-रविवारपेक्षा कमी असतो, आणि दुपार कलल्यावरचा ट्वायलाइट दर त्याहूनही कमी असतो. उन्हाळ्यात उजेड साडेआठपर्यंत टिकतो, त्यामुळे त्या दरात पुष्कळ खेळून होते. नोंदवलेली वेळ रद्द करायची असेल तर मुदतीच्या आत करा. न सांगता गैरहजर राहणाऱ्यामुळे दुसऱ्याची जागा वाया जाते, आणि ते इथे लोकांच्या लक्षात राहते.

हवेविषयी नवीन माणसाची हमखास फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी वर्षभर थंड असते. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे आतले खोरे तापले की तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची गार, ओली हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत ओढली जाते. सनीव्हेलमध्ये अंगाची काहिली होत असलेल्या जुलैच्या दुपारी लिंकन पार्कवर दाट धुके आणि बोचरा वारा असू शकतो. म्हणून बॅगेत स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट कायम ठेवा. खऱ्या अर्थाने उबदार दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळतात. वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडून येतो आणि दुपारी वाढतो. त्याच्याविरुद्ध खेळताना नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या लांब पल्ल्याचा क्लब घ्यावा आणि फटका जोरात मारण्याचा मोह टाळावा, कारण जोराने मारलेला चेंडू अधिक उंच चढतो आणि वाऱ्याच्या तावडीत सापडतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस पडतो. त्या काळात जमीन ओली राहते, चेंडू पडल्या जागी रुततो, आणि चढावर पाय घसरतो, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट घाला.

सतरावा होल पार 3 चा आहे आणि सुमारे 240 यार्ड लांब आहे. त्याच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, खाली सामुद्रधुनी आणि गोल्डन गेट पूल दिसतो. छायाचित्र जरूर काढा. पुढचा गट ग्रीनवरून, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून, उतरेपर्यंत जो वेळ मिळतो तो त्यासाठी पुरतो.

या जमिनीचा इतिहास मात्र खेळायला जाण्यापूर्वीच माहीत असावा असे मला मनापासून वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शहराचे दफनस्थान होते. निराधारांना इथे पुरले जाई, आणि शहरात येऊन वसलेल्या चिनी, इटालियन, फ्रेंच, ज्यू, जपानी अशा अनेक समाजांच्या मदत-मंडळांनी आपापल्या माणसांसाठी इथे जागा राखून ठेवल्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या हद्दीत दफनाला बंदी झाली, जमीन उद्यान विभागाकडे गेली आणि तिच्यावर गोल्फचे होल आखले गेले. चिनी समाजाची रीत अशी होती की काही वर्षांनी अस्थी काढून त्या मायदेशी पाठवायच्या. तरीही हजारो लोकांचे अवशेष इथल्या मातीतच राहिले. 1990 च्या दशकात मैदानालगतच्या लीजन ऑफ ऑनर संग्रहालयाच्या इमारतीचे भूकंपरोधक काम चालू असताना शेकडो सांगाडे सापडले. पहिल्या फेअरवेजवळ चिनी अक्षरे कोरलेली एक दगडी चौकट आजही उभी आहे. कोंग चाओ या चिनी मदत-मंडळाच्या दफनभूमीतील ती विधीची जागा होती. पंधराव्या होलजवळ खलाशांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. पुष्कळ खेळाडू या दोन्ही वास्तूंजवळून चेंडू शोधत निघून जातात. तुम्ही क्षणभर थांबा, त्या चौकटीवर बॅग टेकवू नका आणि मुले बरोबर असतील तर त्यांना सांगा की इथे आपल्यासारखीच दूरदेशाहून कामासाठी आलेली माणसे विसावली आहेत.

आता एकट्याने जाण्याविषयी. नगरपालिकेच्या मैदानावर गट चौघांचा असतो, आणि एकट्याने वेळ नोंदवलेल्या माणसाला कर्मचारी दुसऱ्या तिघांबरोबर जोडून देतात. ते तिघे कोण असतील हे सांगता येत नाही: निवृत्त बसचालक असेल, रुग्णालयातील परिचारिका असेल, याच रिचमंड भागात जन्मलेले चिनी वंशाचे आजोबा असतील. त्यांच्याबरोबर तुम्ही चार तास चालता. कार्यालय, मुलांची शाळा आणि महाराष्ट्र मंडळ एवढ्याच वर्तुळात वर्षानुवर्षे राहणारी कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत. शेजारच्या माणसाशी चार तास निवांत बोलण्याची संधी त्यांना कधी मिळतच नाही. इथे ती शुल्कातच मिळते. पहिल्या टीवर हस्तांदोलन करून आपले नाव सावकाश आणि नीट सांगा, कारण अठरा होलपर्यंत ते तुम्हाला हाक मारणार आहेत. पगार, व्हिसा आणि घराची किंमत हे विषय काढू नका. कोणी विचारल्याशिवाय दुसऱ्याला फटक्याविषयी सल्ला देऊ नका. शेवटच्या ग्रीनवर टोपी काढून पुन्हा हात मिळवण्याची पद्धत आहे.

भारतात खेळलेल्यांनी एक फरक विशेष लक्षात घ्यावा. तिकडे कॅडी बरोबर असतो. तो बॅग वाहतो, चेंडू शोधतो, वाळू सारखी करतो आणि ग्रीनवर पडलेला खळगा भरतो. इथे ही सर्व कामे खेळणाऱ्याची असतात आणि ती न करणारा माणूस कितीही चांगला खेळला तरी त्याला कोणी पुन्हा बरोबर घेत नाही. उखडलेले गवत परत जागेवर बसवा, बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघताना दंताळे फिरवा आणि ग्रीनवर दुसऱ्याच्या चेंडूच्या मार्गावर पाय देऊ नका. चेंडू भलतीकडे गेला तर विलंब न करता ‘फोर’ अशी मोठ्याने आरोळी द्या. कोणी दिलेली ऐकू आली तर वर न पाहता डोके झाकून घ्या. पुढच्या गटाशी सुरक्षित अंतर राखावे, पण ते अंतर वाढू न देणेही तितकेच महत्त्वाचे मानले जाते. चेंडू शोधण्यासाठी 2019 च्या नियमांपासून तीनच मिनिटे मिळतात. पारच्या दुप्पट फटके झाले की नवशिक्याने चेंडू उचलून पुढे चालू लागावे; त्याला कोणी नावे ठेवत नाही.

कुटुंबातील सर्वांनाच खेळायचे नसेल तर त्यांना क्लबहाउसवर ताटकळत ठेवू नका. वर लीजन ऑफ ऑनर संग्रहालय आहे, ते 1924 मध्ये सुरू झाले आणि त्याच्या अंगणात शिल्पकार रोदँचा ‘विचारमग्न’ हा पुतळा बसलेला आहे. मैदानाच्या खालून लॅन्ड्स एंडची किनारी पायवाट सुत्रो स्नानगृहांच्या अवशेषांपर्यंत जाते. फक्त पायवाट सोडून फेअरवेवर फिरायला येऊ नये, हे त्यांना बजावून ठेवा.

चढ झेपत नसतील तर पॅसिफिकाचे शार्प पार्क पाहा. गाव वेगळे असले तरी मैदान सॅन फ्रान्सिस्को शहराचेच आहे, अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी ते आखले आणि 1932 मध्ये ते सुरू झाले. जमीन बरीचशी सपाट असून एका बाजूला थेट समुद्राचा बांध आहे. तिथल्या पाणथळ भागात लाल पायांचे बेडूक आणि सॅन फ्रान्सिस्को गार्टर जातीचे संरक्षित साप राहतात, म्हणून पाण्यात गेलेला चेंडू काढायला आत उतरू नका. दुसरा चेंडू घ्या.