वारा सुटला की नेट जातं? या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी वावधन सुटलं की गावातून फोन येतोच, "भाऊ, हवेनं रेंज उडाली." रेंज हवेनं उडत नाही. रेडिओ लहरींना वाऱ्याचा धक्का बसत नाही. हलतो तो टॉवरकडून नेट घेणारा छपरावरचा अँटेना, त्याचा पाइप, नाहीतर मधलं झाड.

घोळ बहुतेकदा पाइपातच असतो. टिनाच्या छपरावर पंधरा फुटी पाइप आणि बुडाशी एकच क्लॅम्प, तोही लाकडी बल्लीला! ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणाऱ्या दोन फुटी डिशचा, म्हणजे ताटलीसारख्या अँटेनाचा, झोत जेमतेम सहा अंशांचा असतो. टॉवर ३ किलोमीटरवर असेल, तर डिश एक अंश वळली की नेम पन्नासेक मीटरनं चुकतो. पाइप नुसता डुलत असेल तर वारा पडल्यावर सिग्नल ठिकाणावर येतो. पण क्लॅम्पमध्ये फिरला असेल तर येत नाही. आधी हे पाहा, मग शिडी लावा. दोन क्लॅम्प आणि तीन बाजूंनी ताणाच्या तारा हव्यातच. नेम जुळला की पाइप आणि क्लॅम्पवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की समजलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की डिशवरचा जोर चौपट होतो, म्हणून उघड्या शिवारात भरीव डिशपेक्षा जाळीची बरी.

दुसरी चूक एप्रिलात होते आणि जुलैत कळते. यवतमाळ-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात साग बोडका असतो, त्याच्या आरपार टॉवर दिसतो आणि आपण खुशाल डिश लावतो. पाऊस पडला की सुपाएवढी पानं फुटतात. ओली, वाऱ्यानं हलणारी पानं सिग्नल खातात, सिग्नलचा आकडा नाचत राहतो. इथं बोल्ट आवळून काही होत नाही. अँटेना उंच करा किंवा घराचा दुसरा कोपरा धरा. सागाला परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

अँटेना राउटरला जोडायला घरात वापरायची लॅन केबल (नेटची वायर) बाहेर ओढू नका. आपल्याकडच्या उन्हात तिचं आवरण तडकतं. लोंबती केबल फडफडून कनेक्टर ढिला होतो आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं. केबल पाइपाला हात-हात अंतरावर बांधा आणि कनेक्टरच्या आधी खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. वीज कडाडत असताना मात्र छपरावर चढूच नका.

आणि राउटरचे दिवे बघा. वाऱ्यात विजेची लाइन झपकते, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, नाव मात्र अँटेनाचं. एका घरी मी दोनदा पाइप उतरवला, तेव्हा कुठं हे ध्यानात आलं.