घशाच्या कर्करोगातला एचपीव्ही १६: पॅराफिन ब्लॉकवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगाचं एचपीव्हीशी, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूशी, काय नातं आहे, हे तुम्हाला माहीत असेल. या गाठींत विषाणू सापडलाच, तर दहापैकी नऊ वेळा तो टाइप १६ असतो. एकच टाइप, जेमतेम ७,९०० बेसजोड्यांचा गोल जीनोम, म्हणजे त्याचा क्रम वाचायचं काम झटपट उरकेल असं सगळ्यांना वाटतं. उरकत नाही.

टाइप १६ च्या पोटात ए, बी, सी, डी अशा वंशशाखा आणि त्यांच्या उपशाखा आहेत. शाखा ओळखणं त्यातल्या त्यात सोपं, कारण ती अनेक जागांवरच्या फरकांवरून एकत्र ठरते. एखादी जागा चुकीची वाचली गेली तरी बाकीच्या सावरून घेतात. झोप उडते ती एकेका जागेवरच्या सुट्या फरकांनी, आणि थिसिस नेमका त्यांच्यावर उभा असतो.

आपल्या शरीरातली एपोबेक३ ही एन्झाइमं विषाणूच्या डीएनएतल्या सायटोसिनचा युरॅसिल करतात. पुढे प्रत निघाली की तिथे थायमिन दिसतं: सीचा टी. हा बदल खरा आणि अभ्यासण्यासारखा. पण पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, बनवताना वापरलेलं फॉर्मॅलिनही हेच करतं. सायटोसिन, मग युरॅसिल, मग पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवताना) टी. जुन्या ब्लॉकमधला डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो. पीसीआरच्या हाती मोजक्याच प्रती लागल्या, की त्यांतल्या एकीवरचा फॉर्मॅलिनचा डागही शेवटी मोठ्या टक्केवारीने दिसतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. माझे कित्येक महिने यातच गेले आणि ते अजून सलतात.

म्हणून हे आधी करा. पीसीआरआधी डीएनएला यूडीजी द्या. ते एन्झाइम युरॅसिल काढून टाकतं. गाठीत आधीच प्रती निघून पक्का टी झालेला खरा बदल मात्र राहतो. तरीही निर्धास्त होऊ नका: मिथाइल लागलेल्या सायटोसिनचा थेट थायमिन होतो, त्यामुळे सीनंतर जी असलेल्या जागी यूडीजीचं काही चालत नाही. बदललेल्या सीच्या आधीचं अक्षर पाहा. एपोबेक३ला बहुतेकदा आधी टी लागतो. फॉर्मॅलिनला तशी आवड नाही. त्याच डीएनएच्या दोन स्वतंत्र नळ्या चालवा आणि दोन्हींत दिसलेलाच फरक धरा. त्याच ब्लॉकमधला एखादा मानवी जीनही वाचा. तिथेही सीचे टी जागोजागी दिसले, तर विषाणूबद्दल काही बोलण्याआधी थांबा.

क्रम जुळवणाऱ्या तयार सॉफ्टवेअर पाइपलाइनवर माझा राग आहे. ती गोल जीनोम सरळ समजून वाचते आणि शेवट-सुरुवातीच्या सांध्यावरचे रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) टाकून देते. शिवाय विषाणूच्या ई६ या प्रथिनातला ल्युसिनच्या जागी व्हॅलिन येणारा प्रसिद्ध बदल काही पेपरांत ८३ व्या जागी असतो, तर काहींत ९० व्या. बदल एकच, मोजणी कुठल्या एटीजीपासून (प्रथिनाची सुरुवात दाखवणाऱ्या अक्षरांपासून) केली एवढाच फरक. तुमचा संदर्भ-क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सेक्शनवर पी१६ या मानवी प्रथिनाचा रंग उमटला म्हणजे एचपीव्ही आहे, हेही गृहीत धरू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७,६५४ रुग्णांच्या विश्लेषणात ९.२ टक्के रुग्णांचे पी१६ आणि एचपीव्हीचे निकाल जुळले नाहीत. पी१६ आहे पण एचपीव्ही नाही, असे रुग्ण जास्त करून सापडतात ते एचपीव्हीमुळे होणाऱ्या गाठी कमी असलेल्या प्रदेशांत. आपल्याकडे घशाच्या गाठींमागे तंबाखूचा वाटा मोठा आहे, तेव्हा विषाणूचा डीएनए किंवा आरएनए तपासल्याशिवाय सॅम्पल यादीत घेऊ नका.

घाबरवायचा हेतू नाही. ही चाळणी लावल्यावर फरक थोडेच उरतील आणि तेवढे पुरतात. २०१७ साली गर्भाशयमुखाच्या संदर्भात ५,५७० एचपीव्ही १६ जीनोम तपासले गेले, तेव्हा कर्करोगात विषाणूचा ई७ हा जीन जवळजवळ न बदललेला आढळला. म्हणजे फरक नसणं हाही निष्कर्ष असतो. घशाच्या गाठींना तो जसाच्या तसा चिकटवू नका. तुमच्या सॅम्पलमध्ये ई७ कसा आहे ते स्वतः पाहा.

गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजू नका. पॅथॉलॉजिस्टशी त्यांचं बोलणं आहे का, एवढं विचारा. ब्लॉक किती वर्षांचा, फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ होता, सेक्शनमध्ये गाठ किती, हे पॅथॉलॉजी विभागातच कळतं. पहिला डीएनए काढण्याआधी तिथे जाऊन या.