साखर अति वाढली असता घरच्यांनी काय करावे

मधुमेही माणूस दोन दिवस सारखे पाणी मागतो, लघवीला वारंवार उठतो आणि नंतर गळून झोपून राहतो, तेव्हा घरातले त्याला अशक्तपणा समजतात. पोट दुखून उलट्या झाल्या तर पित्त म्हणतात. दोन्ही समजुतींत मोलाचा वेळ जातो. साखर फार वाढली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तिच्यासोबत शरीरातील पाणी व क्षारही निघून जातात.

याचे दोन प्रकार आहेत. इन्सुलिन फार कमी पडल्यास शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होऊन रक्त आम्लयुक्त होते, श्वास खोल व जलद चालतो आणि तोंडाला फळासारखा वास येतो; हे २४ तासांच्या आतही घडते. दुसरा प्रकार बहुधा टाइप २ च्या वयस्क रुग्णांत दिसतो. त्यात रक्तातील साखर अनेकदा ६०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर जाते आणि काही दिवसांत गुंगी वाढत जाते.

घशाला कोरड पडली की उसाचा रस पुढे करणे कोल्हापुरात स्वाभाविक वाटते, पण अशा वेळी तो देऊ नये. रुग्ण शुद्धीवर असेल तर साधे पाणी घोटाघोटाने द्यावे. साखर दर चार तासांनी तपासावी. अनेक ग्लुकोमीटरवर ६०० च्या वर आकड्याऐवजी ‘हाय’ असे दिसते, तेव्हा यंत्र बिघडले असे मानू नये. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते, कारण आजारपणात त्याची गरज बहुधा वाढते. मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर फारशी न वाढताही कीटोन वाढू शकतात, म्हणून उलट्या सुरू होताच त्या गोळीबद्दलही विचारावे.

पंचगंगेच्या पूररेषेतील घरांनी २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवून इन्सुलिन, सुया आणि साखर तपासण्याच्या पट्ट्यांचा साठा पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावा.

उलट्या थांबत नसतील, श्वास जोरात चालत असेल किंवा बोलणे असंबद्ध होत असेल तर १०८ या रुग्णवाहिका क्रमांकाला फोन करून कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. शेवटचे इन्सुलिन कधी घेतले, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि उलट्या केव्हापासून होत आहेत, हे कागदावर लिहून सोबत न्यावे.